क्वांटमच्या नावाने नवी पोथी



अबुधाबी शहरापासून पश्चिमेस सुमारे २४० किलोमीटरवर, एका अंगाला आखात आणि दुसऱ्या अंगाला वाळवंट अशा रुवैस या औद्योगिक नगरीत आम्ही पोटापाण्यासाठी येऊन राहिलो आहोत. येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता दररोज आठ लाख पिंपांहून अधिक आहे. येथून पन्नासेक किलोमीटरवर बराका येथे अणुवीज केंद्राच्या चार अणुभट्ट्या उभ्या आहेत. त्यांपैकी पहिली २०२१ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, आणि आज या देशाच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा तेथून येतो. जेथे समुद्राचे खारे पाणी यंत्राने गोडे केल्यावाचून घसा ओला होत नाही, अशा या भूमीत विज्ञानाचे उपकार आम्ही घोटाघोटाने पीत आहोत.

आणि याच भूमीत, आमच्याच जयंतीच्या एका मेळाव्यात, त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली, मुलांना बक्षिसे वाटली गेली, आणि भोजनाच्या दालनाबाहेर एका टेबलावर काळ्या दगडी चकत्या विक्रीस मांडल्या गेल्या. त्यांना नाव होते 'क्वांटम पदक'. गळ्यात घातले की शरीराची ऊर्जा 'संतुलित' होते, गुडघेदुखी जाते, मुलांचे अभ्यासात लक्ष लागते, असे सांगितले जात होते. किंमत दीडशे दिरहॅम. विकणारे आपलेच, घेणारेही आपलेच. एका भगिनीने दोन घेतली, एक स्वतःसाठी आणि एक गावाकडच्या सासूबाईंसाठी. गंडा नको, ताईत नको, असे म्हणत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात तो ताईत पुन्हा आला. फरक एवढाच की या वेळी त्याने संस्कृत मंत्राऐवजी इंग्रजी शब्द धारण केला होता.

या घटनेवर आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. पाहुण्यांसमोर वाद नको, असे मनाला समजावले. ते मौन चुकीचे होते. हा लेख त्या मौनाची भरपाई आहे.

प्रथम प्रश्न असा की, 'क्वांटम' म्हणजे काय? मराठीत त्यास पुंज म्हणतात आणि त्याच्या शास्त्रास पुंजयामिकी. हा शब्द जपमाळेचा नाही, मोजमापाचा आहे. निसर्ग काही गोष्टी सलग धारेप्रमाणे देत नाही, मोजून, सुट्या नाण्यांप्रमाणे देतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. रुवैसच्या रात्रपाळीत डोळे उघडे ठेवले तरी पुरे.

प्रकल्पाच्या चिमणीवर जळणारी फ्लेअरची ज्योत पाहा. तिचा पिवळसर-केशरी उजेड ज्योतीतील तापलेल्या काजळीच्या कणांपासून येतो. तापलेला पदार्थ कोणत्या रंगाचा किती प्रकाश देतो, हा साधा वाटणारा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भल्याभल्यांना सुटेना. जुन्या गणिताप्रमाणे अतिनील भागात अमर्याद ऊर्जा बाहेर पडावयास हवी होती, प्रत्यक्षात तसे घडत नव्हते. १९०० साली माक्स प्लांक यांनी ऊर्जा ठरावीक पुंजांनीच दिली-घेतली जाते असे मानले, आणि गणित प्रयोगाशी जुळले.

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी पुढचे पाऊल टाकले: प्रकाश स्वतःच पुंजांचा बनलेला आहे. म्हणूनच धातूवर तांबडा प्रकाश कितीही प्रखर टाकला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि मंद अतिनील प्रकाशाने तत्काळ सुटतो. प्रकल्पात आग लागताच धोक्याची घंटा वाजविणारे जे अतिनील ज्वाला-संवेदक असतात, त्यांच्या नळीत हाच प्रकाशविद्युत परिणाम काम करीत असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील रॉबर्ट मिलिकन यांना आइन्स्टाइनचे म्हणणे पटत नव्हते. त्यांनी अनेक वर्षे अत्यंत काटेकोर प्रयोग केले आणि १९१६ पर्यंत त्यांच्याच आकड्यांनी आइन्स्टाइनचे समीकरण खरे ठरविले. मिलिकन यांनी आपले आकडे लपविले नाहीत. विरोधकाच्या हातून सत्याची साक्ष निघावी, हे विज्ञानाचे शील आहे. ज्याने पदक विकत आणले, त्याने असा एक तरी प्रयोग केला होता काय?

१९१३ साली नील्स बोर यांनी दाखविले की अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतो, आणि एका पातळीवरून दुसरीवर उतरताना ठरावीक रंगाचाच प्रकाश देतो. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची ओळखखूण असते, जणू अंगठ्याचा ठसा. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी मोजतात ते याच आधारावर. क्ष-किरण अणूच्या आतला इलेक्ट्रॉन उडवितो, वरचा खाली येतो आणि आपले नाव सांगणारा किरण सोडतो. आपली कित्येक मुले-मुली अशा प्रयोगशाळांत नोकरी करीत आहेत. क्वांटम त्यांच्या हातातल्या नमुन्याच्या बाटलीत आहे.

१९२४ साली द ब्रॉय्ली यांनी म्हटले की प्रकाश कणासारखा वागत असेल, तर कणही तरंगासारखा वागावा. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन आदळवून ते सिद्ध केले. पुढे १९८९ मध्ये जपानच्या तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सुटासुटा सोडला. पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका पडला, परंतु हजारो ठिपके साचल्यावर तरंगांच्या पट्ट्या उमटल्या. एकटा ठिपका कोठे पडेल हे सांगता येत नाही, सर्वांचा मिळून नकाशा मात्र अचूक सांगता येतो. ही संभाव्यतेची भाषा १९२६ मध्ये माक्स बॉर्न यांनी दिली.

हायझेनबर्ग यांचे १९२७ चे अनिश्चिततेचे तत्त्व याच कुळातले. कणाचे स्थान आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी काटेकोर असू शकत नाहीत. काही प्रवचनकार यावरून 'पाहा, विज्ञानानेही जग माया ठरविले' असा डांगोरा पिटतात. हे सपशेल चूक आहे. अनिश्चितता किती, याची सीमा हे तत्त्व आकड्यात सांगते. ज्या शास्त्रावर ते उभे आहे, त्याच शास्त्राने सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ मध्ये जगाला दिली. एवढा काटेकोर हिशेब ठेवणारे जग माया कसे? पाउली यांनी १९२५ मध्ये सांगितलेल्या विवर्जन तत्त्वाप्रमाणे एका अणूतील दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. मूलद्रव्यांची आवर्तसारणी आणि आपल्या पायाखालच्या फरशीचा टणकपणा त्यातून येतो.

आता त्या पदकाकडे वळू.

१९२८ साली जॉर्ज गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, एक कोडे सोडविले. थोरियमसारख्या जड अणूच्या केंद्रातून अल्फा कण बाहेर पडतो. वास्तविक केंद्राभोवतीची ऊर्जेची भिंत ओलांडण्याइतके बळ त्याच्यापाशी नसते. परंतु तरंगरूपामुळे भिंतीपलीकडे असण्याची अत्यल्प शक्यता त्याला असते, आणि कधीतरी तो पलीकडे निघतो. यास बोगदा-परिणाम म्हणतात. शक्यता इतकी अल्प की थोरियमचे अर्धे अणू फुटण्यास सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात.

हे येथे का सांगावे लागले? नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा व किरणोत्सर्ग-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशी 'ऊर्जा' देणारी दहा उत्पादने किरणोत्सर्गी आढळल्याची सूचना प्रसिद्ध केली. त्यांत पदके होती, डोळ्यांवर बांधण्याची पट्टी होती, आणि लहान मुलांच्या मनगटातले कडेही होते. मात्रा अल्प असली तरी वस्तू रात्रंदिवस अंगाला चिकटलेली राहते, म्हणून ती वापरू नये, बाजूला सुरक्षित ठेवावी, असे त्या प्राधिकरणाने बजावले. या प्रकारच्या पदकांच्या चूर्णात थोरियम-युरेनियमयुक्त खनिजे मिसळलेली असू शकतात.

आमच्या मेळाव्यात विकली गेलेली पदके कोणी तपासली नव्हती. म्हणून दोनच शक्यता उरतात. त्या चकतीत काहीच नसेल, तर दीडशे दिरहॅमला दगड विकला गेला, ती फसवणूक. आणि तिच्यात खरोखर काही असेल, तर बोगदा-परिणामाने फुटणारे अणू असतील, तो अपाय. म्हणजे पदकात 'क्वांटम' म्हणण्याजोगे काही असलेच, तर ते नेमके घातक तेवढेच!

येथे वेल्डिंगच्या सांध्यांची गॅमा किरणांनी तपासणी करणारे आपले बांधव छातीवर टीएलडी बिल्ला लावूनच कामावर जातात. त्या बिल्ल्यातील स्फटिकात किरणोत्सर्गाने उडविलेले इलेक्ट्रॉन अडकून राहतात. पुढे स्फटिक तापविला की ते सुटतात आणि उजेड देतात, त्या उजेडावरून अंगावर किती मात्रा पडली ते कळते. हाही पुंजयामिकीचाच व्यवहार. बाप कारखान्यात किरणोत्सर्गाची मात्रा मोजून घेतो आणि घरी त्याच्याच लेकराच्या गळ्यात न मोजलेला दगड लटकतो! याहून मोठी विटंबना कोणती?

यावर बचाव ठरलेला असतो: 'क्वांटममध्ये पाहणाऱ्याने पाहिले की वस्तू बदलते, म्हणून मनाची शक्तीच खरी.' १९८९ मध्ये दीपक चोप्रा यांचे 'क्वांटम हीलिंग' हे पुस्तक निघाल्यापासून या विचाराला बाजारपेठ मिळाली. १९९८ साली विनोदाने दिला जाणारा इग नोबेल पुरस्कारही त्यांना त्याबद्दल मिळाला. पुंजयामिकीत 'पाहणे' याचा अर्थ मोजणे असा आहे, म्हणजे कणाचा उपकरणाशी संबंध येणे. मोजमापाच्या क्षणी नेमके काय घडते, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. परंतु त्या वादातून गुडघेदुखीचे औषध निघत नाही. कपाटात विसरलेला टीएलडी बिल्ला कोणाच्या चेतनेची वाट पाहत नाही. कोणी पाहो न पाहो, त्यावर मात्रा नोंदली जाते.

दुसरा बचाव 'एंटँगलमेंट'चा, म्हणजे दोन कणांच्या गुंतलेल्या अवस्थेचा. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या विचित्र गोष्टीवर बोट ठेवले. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी तिची कसोटी सांगितली. क्लाउझर, अस्पे आणि त्सायलिंगर यांनी ती प्रयोगांनी पार पाडली, आणि २०२२ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. दूर असलेल्या दोन कणांच्या मोजमापांत असा मेळ आढळतो, जो जुन्या कल्पनांनी समजावता येत नाही. हे सत्य आहे. परंतु त्या मेळातून कोणताही निरोप पाठविता येत नाही, हेही त्याच शास्त्राचे सांगणे आहे. तेव्हा नाशिकला बसून रुवैसच्या रुग्णास 'क्वांटम लहरी' पाठविणाऱ्याला या नोबेलचा आधार नाही.

तिसरा बचाव मोठ्या नावाचा. श्रोडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती, असे सांगितले जाते. होती, आम्ही ते नाकारीत नाही. परंतु १९२६ चे त्यांचे समीकरण जगाने स्वीकारले ते हायड्रोजनच्या वर्णपटाशी ते जुळले म्हणून. कोणत्याही उपनिषदाची साक्ष तेथे काढावी लागली नाही. थोर मनुष्याची आवड हा पुरावा नव्हे.

येथवर आपल्या वाचकांनी माना डोलावल्या असतील, कारण वार बाहेरच्यांवर होता. आता स्वतःच्या घरात यावे लागेल.

आपल्याच व्यासपीठांवर अलीकडे एक वाक्य टाळ्या घेते: 'जे क्वांटम शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात शोधले, ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते.' अनित्य म्हणजे क्वांटम, शून्यता म्हणजे क्वांटम निर्वात! आम्ही विचारतो, हे वाक्य आणि 'सर्व काही वेदांत आहे' हे वाक्य यांत ग्रंथाच्या नावाखेरीज अंतर काय राहिले?

या प्रश्नाचे उत्तर मेघनाद साहा यांच्या आयुष्यात आहे. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, ज्यांना खालचे समजले जाई अशा जातीत त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना सवर्ण विद्यार्थ्यांच्या पंगतीपासून दूर ठेवले गेले. त्याच साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण जगाला दिले. ढाक्याच्या एका वयोवृद्ध वकिलाने त्यांना कामाविषयी विचारले. साहांनी उत्साहाने सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की यात नवे काहीच नाही, हे सर्व वेदांत आहे. कोणत्या भागात, असे साहांनी विचारताच उत्तर आले की मी काही वेद वाचलेले नाहीत, पण त्यांत असणारच! पुढे साहांनी स्वतः ते ग्रंथ वाचून पाहिले, त्यांत आधुनिक विज्ञान आढळले नाही, आणि बंगाली मासिकातून त्यांनी ते निर्भीडपणे मांडले. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेले, त्याच काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यसभेत होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत दोघांचाही हात होता, एकाचा शास्त्रज्ञ म्हणून, दुसऱ्याचा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री म्हणून. १९५६ मध्ये दोघेही आपल्यातून गेले. आता त्या वकिलाच्या खुर्चीत आपण बसावयाचे काय?

शिवाय ही तुलना धम्माला महागात पडते. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की हे असेल तर ते होते, कारणाशिवाय कार्य नाही. प्रचलित पुंजयामिकी सांगते की थोरियमचा पुढचा कोणता अणू फुटेल, याचे त्या अणूपुरते कारण देता येत नाही, फक्त शक्यता देता येते. सर्व संस्कार अनित्य आहेत, असे धम्म सांगतो. इलेक्ट्रॉन आपोआप नष्ट झाल्याचे मात्र आजवर कोणी पाहिलेले नाही. ज्याने धम्माचे प्रमाणपत्र भौतिकशास्त्राकडून घेतले, त्याने हे प्रतिकूल निकालही स्वीकारले पाहिजेत. वास्तविक धम्माला त्या प्रमाणपत्राची गरजच नाही. दुःख, तृष्णा, शील, मैत्री आणि समता हा त्याचा विषय आहे, इलेक्ट्रॉन नव्हे. बुद्धांना विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांनी घेतली. आज आपणच त्यांना श्रोडिंगरचा पूर्वावतार ठरवू लागलो, तर त्या प्रतिज्ञेचे काय उरले?

बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची, त्यांनी बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलीयांमधील रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. बौद्ध परंपरेतील लाडकी कथासुद्धा त्यांनी तर्काच्या चाळणीतून सोडली नाही. कालामांना उपदेश करताना तथागतांनी परंपरा, ग्रंथ वा गुरूचा मान यांवर विसंबू नका असे सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतःचा अपवाद केला नव्हता. मग 'क्वांटम' हा शब्द ऐकताच आपण हात का जोडतो?

कोणी म्हणेल, एवढ्याशा पदकाचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की, प्रश्न पदकाचा नाही, मुलांचा आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांनी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहू नये म्हणून. रुवैसला वाढणारे आपले मूल शाळेत खरा क्वांटम शिकेल आणि घरी खोटा, तर ते एक दिवस दोघांपैकी एकाला खोटे म्हणेल. ते आईबापांना खोटे म्हणाले, तर दोष त्याचा नसेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आपल्या कोणत्याही जयंतीच्या, वर्षावासाच्या वा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात अशा वस्तूंच्या विक्रीस जागा देऊ नये. ज्या घरांत ही पदके आहेत, त्यांनी ती मुलांपासून दूर, बंद डब्यात ठेवावीत, आणि गावाकडे पाठविली असल्यास फोन करून काढावयास सांगावीत. आणि त्या टेबलाच्या जागी दुसरे टेबल मांडावे. एक जुनी सीडी, एक पुठ्ठ्याचे खोके आणि त्यास पाडलेली बारीक फट, एवढ्यात वर्णपट पाहण्याचे साधन तयार होते. त्यातून ट्यूबलाइटकडे पाहिले की पाऱ्याच्या अणूने दिलेल्या सुट्या, उजळ रंगरेषा दिसतात, एलईडीच्या दिव्याकडे पाहिले की तशा दिसत नाहीत. हे का, असे मुलाने विचारले की आईबापांनी त्याच्याबरोबर पुस्तक उघडावे. त्याला दीडशे दिरहॅम पडत नाहीत.

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी पुंजविज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षाची आमच्या वस्तीतली आठवण काळ्या दगडाची राहू नये, त्या रंगरेषांची राहावी, एवढीच आमची इच्छा आहे. ज्या भगिनीने सासूबाईंसाठी पदक घेतले होते, त्यांना हा लेख छापण्यापूर्वी आम्ही वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही. पुढच्या वेळी तो कोणास विचारावा लागू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!